घर लहान आहे म्हणून बायकोचा व्हिसा अडकतो का? ब्रिटन खोल्या कशा मोजतं ते समजून घ्या

लग्न ठरलेलं असतं. मुलगी नाशिकची, मुलगा लंडनजवळच्या स्लाऊमध्ये वाढलेला ब्रिटिश नागरिक. मुलाचा पगार बसतो, मुलगी इंग्रजीची परीक्षा पास झालेली असते, लग्नाचं सर्टिफिकेट तयार असतं. मग व्हिसाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न येतो. घरात खोल्या किती आणि राहणारी माणसं किती?

इथे बऱ्याच कुटुंबांचं धाबं दणाणतं. कारण घर मुलाच्या नावावर नसतं, वडिलांच्या नावावर असतं. घरात आई-वडील, मोठा भाऊ, वहिनी, त्यांची पोरं असा सगळा गोतावळा असतो. मग नातेवाइकांचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं स्वतःचं घर असल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, कुणी म्हणतं किमान टू-बेडरूम फ्लॅट लागतो. काही जण तर फक्त व्हिसासाठी महागडा फ्लॅट भाड्याने घेऊन मोकळे होतात.

यातल्या बहुतेक गोष्टींची गरज नसते. ब्रिटनचा नियम घर किती मोठं किंवा कुणाच्या नावावर, हे विचारत नाही. घरात माणसांची गर्दी होते का, एवढंच विचारतो. आणि गर्दी म्हणजे काय, हे कायद्यात आकड्यांनिशी लिहून ठेवलंय. तो हिशोब टेप आणि कागद घेऊन घरबसल्या करता येतो.

आधी हे बघा, नियम नक्की कुणाला लागू आहे?

ब्रिटनला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ही अट नसते. इथेच पहिला घोळ होतो.

पुण्यातून आयटीच्या नोकरीसाठी स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेला माणूस बायको-मुलांना नेतो, तेव्हा ती डिपेंडंट म्हणून जातात. तिथे खोल्यांची मोजणी होत नाही. जोडीदारासाठी २८५ पौंड, पहिल्या मुलासाठी ३१५ पौंड आणि पुढच्या प्रत्येक मुलासाठी २०० पौंड खात्यात दाखवावे लागतात, किंवा कंपनी तशी हमी देते. मुलांच्या राहण्याची नीट सोय आहे ना, एवढं मात्र बघितलं जातं.

काही जणांना तर कुटुंब नेण्याची मुभाच उरलेली नाही. जानेवारी २०२४ पासून साधं मास्टर्स करायला जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना आणि ११ मार्च २०२४ पासून नव्याने केअर वर्कर म्हणून गेलेल्यांना जोडीदार आणि मुलं सोबत नेता येत नाहीत. त्यांचं घर कितीही मोठं असलं तरी काही उपयोग नाही.

खोल्यांचा हिशोब लागतो तो फॅमिली व्हिसाला. म्हणजे जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला तिथे कायमचं राहण्याची परवानगी मिळालेली असेल, आणि नवरा किंवा बायको भारतातून अर्ज करत असेल तेव्हा. ९ जुलै २०१२ पासून या व्हिसाचे नियम 'अपेंडिक्स एफएम' नावाच्या भागात आहेत. चर्चा सगळी त्यातल्या पगाराच्या अटीची होते, कारण ती ११ एप्रिल २०२४ ला १८,६०० पौंडांवरून थेट २९,००० पौंडांवर गेली. घराची अट त्याच यादीत खाली गपचूप बसलेली असते.

अट म्हणते तरी काय?

साध्या मराठीत सांगायचं तर कुटुंबाला राहायला पुरेसं घर हवं. त्यासाठी सरकारी मदतीचा नवा बोजा पडता कामा नये. ते घर कुटुंबाच्या मालकीचं तरी हवं किंवा त्यांच्या 'स्वतंत्र वापराचं' तरी. त्यात गर्दी नसावी, पुढे होणारही नसावी. आणि सार्वजनिक आरोग्याचे नियम मोडलेले नसावेत.

यातला 'स्वतंत्र वापर' हा शब्द लोकांना घाबरवतो. वाटतं की अख्खं घर आपलं एकट्याचं हवं. तसं नाही. नवरा-बायकोला किमान एक खोली फक्त त्यांची असेल, तर अट पूर्ण होते. स्वयंपाकघर, बाथरूम, हॉल सासू-सासऱ्यांसोबत किंवा इतर भाडेकरूंसोबत वापरला तरी चालतो.

आई-वडिलांचं, भावाचं, मामाचं घरही चालतं. त्या नातेवाइकाने राहू देतो असं लिहून दिलं पाहिजे आणि त्या घरात जागा आहे हे दिसलं पाहिजे. तात्पुरतं राहणार असाल तरी हरकत नाही.

काउन्सिलच्या घरात राहणाऱ्यांनाही एक भीती असते, की सरकारी घर म्हणजे सरकारी मदत. मुलगा आधीपासून त्या घरात हक्काने राहत असेल आणि बायको आल्यामुळे सरकारकडून जादा काही मागावं लागणार नसेल, तर तेवढ्यावरून अर्ज फेटाळला जात नाही.

आता खरा विषय, गर्दी कशी मोजतात?

यासाठी व्हिसा अधिकारी १९८५ च्या हाउसिंग ॲक्टकडे बघतात. पण त्यातली मापं त्याहून जुनी आहेत. १९३५ मध्ये ब्रिटनने कोंदट वस्त्यांमधली दाटीवाटी कमी करायला कायदा केला, तेव्हा हे आकडे आले. म्हणजे आजच्या नव्या सुनेचा व्हिसा जवळपास नव्वद वर्षांपूर्वीच्या मापाने मोजला जातो.

हिशोबात आधी माणसं मोजायची. एक वर्षाच्या आतलं बाळ शून्य. एक वर्ष पूर्ण झालेलं पण दहा वर्षांच्या आतलं मूल अर्धं. दहा आणि त्यावरचं प्रत्येक माणूस एक. एसटीच्या हाफ तिकिटासारखाच प्रकार, फक्त वय वेगळं. मोजताना घरात राहणारे सगळे धरायचे, फक्त अर्जातले नाही.

मग खोल्या मोजायच्या. इथे आपल्या लोकांची हमखास चूक होते. लोक फक्त बेडरूम मोजतात. कायदा मात्र बेडरूम आणि हॉल दोन्ही धरतो, कारण हॉलमध्येही माणूस झोपू शकतो. किचन, बाथरूम, टॉयलेट साधारणपणे धरत नाहीत. म्हणजे वन-बीएचके म्हणजे दोन खोल्या.

आता किती खोल्यांत किती माणसं चालतात ते बघा.

१ खोली : २ माणसं
२ खोल्या : ३ माणसं
३ खोल्या : ५ माणसं
४ खोल्या : ७.५ माणसं
५ किंवा जास्त खोल्या : प्रत्येक खोलीला २ माणसं

एवढ्यावर संपत नाही. प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळही बघतात.

११० चौरस फूट किंवा जास्त : २ माणसं
९० ते ११० च्या आत : १.५ माणूस
७० ते ९० च्या आत : १ माणूस
५० ते ७० च्या आत : अर्धा, म्हणजे एक लहान मूल
५० च्या आत : ती खोली धरतच नाहीत

दोन्ही याद्यांमधून येणाऱ्या आकड्यांपैकी जो लहान असेल तो घराची मर्यादा ठरतो. माणसं त्याहून जास्त झाली की घर कायद्याने गर्दीचं.

मुंबईत 'दहा बाय दहाची खोली' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. चाळीतल्या तेवढ्याशा खोलीत अख्खं कुटुंब राहिल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. ब्रिटनच्या कायद्यात दहा बाय दहा म्हणजे १०० चौरस फूट, म्हणजे दीड माणूस. तेवढ्या एकाच खोलीच्या घरात नवरा-बायकोही बसत नाहीत. खोली दहा बाय अकराची झाली की मात्र दोघं बसतात. एका फुटाने एवढा फरक पडतो.

तिसरी चाळणी : कोण कुणाच्या खोलीत झोपणार?

आकडे जुळले तरी अजून एक गोष्ट उरते. दहा वर्षांवरच्या, पती-पत्नी नसलेल्या स्त्री आणि पुरुषाला एकाच खोलीत झोपावं लागत असेल, तर तीही गर्दीच. बहीण-भाऊ असले तरी हाच नियम.

आपल्याकडे बारा वर्षांचा नातू आजीजवळ झोपतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. या कायद्यात मात्र ती मांडणी चालत नाही. त्यामुळे कागदावर झोपण्याची व्यवस्था लिहिताना घरात रोज जे चालतं ते सवयीने लिहून टाकण्याआधी हा नियम बघावा. नातू वडिलांच्या किंवा काकाच्या खोलीत जाऊ शकत असेल, तर प्रश्न सुटतो. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना हा नियम नाही.

एक उदाहरण करून बघू

समजा स्लाऊमध्ये तीन बेडरूमचं घर आहे. वडिलांच्या नावावर. घरात आई, वडील, मोठा मुलगा, सून, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांचं बाळ. शिवाय धाकटा मुलगा, ज्याचं आत्ताच लग्न झालंय. त्याची बायको नाशिकहून येणार.

मोठी माणसं सहा. सहा वर्षांचा मुलगा अर्धा. बाळ शून्य. एकूण साडेसहा.

तीन बेडरूम आणि एक हॉल मिळून चार खोल्या. पहिल्या यादीप्रमाणे मर्यादा ७.५. म्हणजे जागा आहे, असं वाटतं.

आता टेप लावू. हॉल १६० चौरस फूट, दोन माणसं. मोठी बेडरूम १४०, दोन. मधली १२०, दोन. आणि जिन्याजवळची ती छोटी खोली, जिला तिथे बॉक्स रूम म्हणतात, ती ६५ चौरस फूट, म्हणजे अर्धा. एकूण साडेसहा. दोन्हींपैकी लहान आकडा साडेसहा, आणि माणसंही साडेसहा. मर्यादा ओलांडली नाही, घर पास.

पण काठावर पास. चार महिन्यांनी बाळ एक वर्षाचं होईल आणि शून्याचं अर्ध होईल. माणसं सात, मर्यादा साडेसहा. नियमात 'गर्दी आहे किंवा होणार आहे' असे शब्द आहेत, त्यामुळे हे चार महिने मोजून गप्प बसण्यात अर्थ नाही.

अशा वेळी या कुटुंबापुढे दोन सरळ रस्ते असतात. मोठा मुलगा त्याच्या कुटुंबासह वेगळा राहणार असेल तर तसे कागद जोडायचे. नाहीतर नव्या जोडप्याने छोटा फ्लॅट घ्यायचा. एक बेडरूम आणि एक हॉल असलेला साधा फ्लॅट म्हणजे दोन खोल्या, मर्यादा तीन माणसांची. खोल्या अगदी बारक्या नसतील, तर नवरा-बायको आरामात बसतात. पुढे दहा वर्षांच्या आतली दोन मुलं झाली तरी हिशोब तीनवरच राहतो.

स्टुडिओ फ्लॅटही चालतो, फक्त ती एक खोली ११० चौरस फुटांची हवी. म्हणजे व्हिसासाठी मोठं घर घ्यायलाच हवं हा समज किती महागात पडतो ते लक्षात येतं. आणि पगाराची २९,००० ची अट लावताना भाडं पगारातून वजा केलं जात नाही, त्यामुळे भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तिथेही वेगळा तोटा नाही.

शेअरिंगच्या घरात राहत असेल तर?

लंडनमध्ये एकटी राहणारी अनेक तरुण मंडळी घर वाटून घेतात. एकाची एक खोली, किचन सगळ्यांचं. तिथे बायकोला आणता येतं का? येतं. पण दोन गोष्टी बघाव्या लागतात.

एक, त्या खोलीत दुसऱ्या माणसाला राहू द्यायला घरमालकाची लेखी परवानगी हवी. भाडेकरार एकाच माणसासाठी असेल तर ती नसताना अर्ज करणं धोक्याचं.

दोन, इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं एका घरात राहून किचन-बाथरूम वाटून घेत असतील, तर घरमालकाला काउन्सिलचं लायसन्स लागतं. त्या लायसन्समध्ये झोपण्याच्या खोलीचं किमान माप आहे. एका मोठ्या माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२ चौरस मीटर. फुटांत करून बघा, ७० आणि ११० येतात. २०१८ च्या नियमातही ते जुनेच आकडे. एका माणसापुरत्या खोलीत दोघं राहणार असं दाखवलं, तर घरमालकही अडचणीत आणि अर्जही.

कागद कोणते जोडायचे?

अर्ज अनेकदा घर लहान असल्याने नाही, तर घर पुरेसं आहे हे कागदांवरून दिसत नसल्याने अडतो. अधिकारी घर बघायला येत नाही. त्याच्यासमोर फक्त फाइल असते.

घर स्वतःचं असेल तर लँड रजिस्ट्रीचा उतारा, कर्ज असेल तर बँकेचं स्टेटमेंट.

घर भाड्याचं असेल तर चालू भाडेकरार आणि जोडीदाराला राहू द्यायला हरकत नाही, असं घरमालकाचं पत्र.

घर नातेवाइकाचं असेल तर त्याच्या मालकीचा किंवा भाड्याचा पुरावा आणि सहीचं पत्र. त्या पत्रात 'माझी हरकत नाही' एवढंच नको. घरात खोल्या किती, आत्ता कोण कोण राहतं, त्यांची वयं काय, नव्या जोडप्याला कोणती खोली मिळणार, भाडं घेणार की नाही, हे सगळं हवं.

सोबत काउन्सिल टॅक्सचं किंवा विजेचं बिल, खोल्यांच्या मापांचा साधा नकाशा आणि काही फोटो जोडले की चित्र स्पष्ट होतं.

खासगी सर्व्हेअरकडून घराचा तपासणी अहवाल करून घेण्याची पद्धतही आहे. एजंट तो सक्तीचा असल्यासारखा सांगतात. तो सक्तीचा नाही. नवरा-बायको दोघंच वेगळ्या फ्लॅटमध्ये राहणार असतील, तर त्यावर खर्च करण्यात फारसा अर्थ नसतो. वरच्या उदाहरणासारखं माणसांनी भरलेलं, काठावरचं घर असेल तर मात्र तो कामाला येतो.

एक गोष्ट कधीच करू नये. घरात राहणाऱ्या माणसांपैकी कुणाचं नाव लपवणं. त्याच पत्त्यावरून आधी कुणी अर्ज केला असेल, तर ती नावं सरकारकडे असतात. घर लहान निघालं तर दुसरं घर दाखवून पुन्हा अर्ज करता येतो. खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसला, तर पुढचे अनेक अर्ज त्याखाली दबतात.

चूक किती महागात पडते?

भारतातून फॅमिली व्हिसाचा अर्ज करायला फीच सुमारे २,००० पौंड लागते. त्यावर आरोग्य अधिभार वेगळा, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड. अर्ज फेटाळला गेला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. पैशांपेक्षा जड जातो तो वेळ. नवं लग्न झालेलं जोडपं आणखी काही महिने दोन देशांत राहतं.

आणि हा हिशोब एकदाच होत नाही. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा मिळतो. तो वाढवताना घराची अट पुन्हा येते. तोवर बाळ झालेलं असतं, भावाचा मुलगा दहा वर्षांचा होऊन अर्ध्याचा एक झालेला असतो. त्यामुळे घर निवडताना पुढच्या अडीच-तीन वर्षांतल्या वाढदिवसांचाही हिशोब धरलेला बरा.

जर्मनी आणि दुबईत काय चालतं?

प्रत्येक देशाची फूटपट्टी वेगळी असते, त्यामुळे एका देशातला अनुभव दुसऱ्या देशासाठी वापरता येत नाही.

जर्मनीकडे सध्या महाराष्ट्रातल्या तरुणांचा ओढा आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने मनुष्यबळाचा करारही केलाय. जर्मनी खोल्यांपेक्षा क्षेत्रफळ बघतं. सहा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला १२ चौरस मीटर, सहाच्या आतल्या मुलाला १० चौरस मीटर. दोन वर्षांच्या आतलं बाळ धरत नाहीत. थोडंफार, साधारण दहा टक्के, कमी पडलं तरी चालवून घेतात. नवरा, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असेल तर ४६ चौरस मीटर.

पण मार्च २०२४ पासून तिथे मोठा बदल झाला. कुशल कामगार म्हणून परवाना मिळालेल्यांच्या जोडीदाराला आणि अल्पवयीन मुलांना घराच्या पुराव्याची अट उरलेली नाही. जुन्या माहितीवर विसंबून मोठं घर मिळेपर्यंत कुटुंबाला थांबवून ठेवण्याची गरज राहिलेली नाही. विद्यार्थी आणि इतर काही जणांना मात्र ती अट अजून लागते.

दुबईत माप नाही, करार बघतात. कुटुंब आणणाऱ्याचा पगार ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० दिरहम आणि कंपनीने दिलेलं घर. घर भाड्याचं असेल तर भाडेकराराची 'इजारी' नावाची सरकारी नोंदणी लागते. बेडस्पेसवर राहणाऱ्या माणसाकडे असा स्वतःच्या नावाचा करार सहसा नसतो. म्हणून पगार बसत असूनही कोकणातली, मराठवाड्यातली कितीतरी मंडळी तिथे एकटी राहतात.

थोडक्यात सांगायचं तर

ब्रिटनच्या फॅमिली व्हिसासाठी मालकीचं घर लागत नाही, मोठं घरही लागत नाही. एक खोली स्वतःची, घरात कायद्याने गर्दी नाही आणि दोन्ही गोष्टी दाखवणारे कागद, एवढं लागतं.

मापं फारशी बदलत नाहीत, पण फी आणि पगाराचे आकडे वरचेवर बदलतात. त्यामुळे फी भरण्याच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवरचा ताजा नियम वाचावा. आणि त्याच्याही आधी, घरातल्या प्रत्येक खोलीला एकदा टेप लावून बघावा.